ऐंशी तासांचं शिक्षण

पाट्या बदलल्या त्या दिवशी थोरली कामावर सगळ्यांत आधी पोचली, म्हणून अपमानही सगळ्यांत आधी तिचाच झाला.

औषधाच्या दुकानावरच्या मजल्यावर पाच खोल्यांचं ते मसाज सेंटर. जिना चढून आलं की समोरच्या भिंतीवर काम करणाऱ्या बायकांचे फोटो असत, फोटोखाली नुसतं नाव. आता तिथे काचेचा नवा फलक आला होता. वरच्या ओळीत दोन पोरींचे फोटो, त्यांच्याखाली ठळक अक्षरांत ‘मसाज थेरपिस्ट’. खालच्या ओळीत एकच फोटो, तिचा. त्याखाली ‘सहायक’.

वरच्या दोघींपैकी एकीला काम शिकवलं होतं थोरलीनेच. अंगठा कुठे टेकवायचा, जोर मनगटातून न आणता कमरेतून कसा आणायचा, हे दोन महिने तिच्या मागे उभं राहून.

मालक आला तेव्हा ती अजून फलकासमोरच उभी होती. पर्स खांद्यावर तशीच.

“बाई, रागावू नका,” मालक म्हणाला. “नवा नियम आलाय. प्रमाणपत्र नाही त्याला थेरपिस्ट म्हणायचं नाही. नुसतं म्हणायचंच नाही असं नाही, गिऱ्हाइकाच्या अंगाला हातसुद्धा लावू द्यायचा नाही.”

“मग मी काय करायचं?”

“चादरी, टॉवेल, तेल गरम करणं. तात्पुरतं हो.”

“सव्वीस वर्षं मी काय करत होते मग?”

मालकाने काखा वर केल्या. तो माणूस वाईट नव्हता, पण तपासणीवाल्यांना भारी घाबरायचा. त्याने खिशातून एक पत्रक काढून तिच्या हातात दिलं. दहा वर्षांहून जास्त अनुभव असलेल्यांना वर्षभराचा अभ्यासक्रम माफ होता. त्यांच्यासाठी ऐंशी तासांचा वर्ग, मग परीक्षा, मग नोंदणी.

त्या दिवशी तिने अकरा चादरी बदलल्या आणि एकाही माणसाला हात लावला नाही. तिच्या कायमच्या गिऱ्हाइकांपैकी एक पोस्टमन दर आठवड्याला दुखरा खांदा घेऊन यायचा. त्याला त्या शिकवलेल्या पोरीकडे पाठवलं. बाहेर येताना तो खांदा फिरवत पुटपुटला, “बरं केलं तसं. पण तुमची सर नाही.” एवढ्या एका वाक्यावर थोरलीने तो दिवस ढकलला आणि संध्याकाळी वर्गात नाव घालून आली.

घरी तिची धाकटी बहीण मशीनवर बसली होती. धाकटी शाळांचे गणवेश शिवायची. नवरा गेल्यावर पाच वर्षांच्या मुलीला घेऊन ती थोरलीकडे राहायला आली, त्याला चौदा वर्षं झाली होती. थोरलीने लग्न केलं नव्हतं. दोन खोल्यांत तिघी राहत: थोरली, धाकटी आणि आता कॉलेजात जाणारी भाची.

“सहायक म्हणे!” थोरलीने पर्स आपटली. “ज्या कंबरा डॉक्टरांनी सोडून दिल्या त्या मी उभ्या केल्या. आणि आता मला वर्गात बसवून कालची पोरं शिकवणार!”

“शिकून घे ना,” धाकटी खाली बघत म्हणाली. “त्यात काय जातं.” आणि तिने मशीन इतकं जोरात चालवलं की पुढचं बोलणं ऐकू येईना.

भाचीला मात्र मजा वाटली. “मावशी, तू शाळेत जाणार! मी घेईन तुझा अभ्यास.”

वर्ग एका शाळेच्या रिकाम्या खोलीत भरायचा, संध्याकाळी पाच ते आठ. बाक लहान मुलांचे, गुडघे पोटाशी घेऊन बसावं लागे. फळ्याशेजारी प्लॅस्टिकचा सांगाडा उभा होता, त्याचा डावा हात कोपरापासून गायब. चौदा जण होते. सगळे थोरलीसारखेच, हात तयार झालेले आणि कागद नसलेले. शिकवणाऱ्या मॅडम अठ्ठावीसच्या आतबाहेर. पहिल्याच दिवशी त्या थोरलीला म्हणाल्या, “काकू, तुम्ही पुढे बसा, फळा दिसेल.” थोरलीला काकू म्हटल्याचा राग आला आणि फळा खरंच दिसत नव्हता, त्याचा त्याहून जास्त.

पहिले आठ-दहा दिवस तिने मॅडमची परीक्षाच घेतली. मॅडमनी स्नायूचं लांबलचक नाव सांगितलं की ही शेजारणीच्या पाठीवर तोच स्नायू कापडावरून, न बघता, बोटाने दाखवायची. सरावाच्या वेळी सगळे तिच्या टेबलाभोवती गोळा व्हायचे. एकदा मॅडम स्वतःच टेबलावर झोपल्या, तेव्हा थोरलीने मानेला हात लावल्या लावल्या सांगितलं, “तुम्ही उजव्या कुशीवर झोपता, आणि उशी दोन घेता.” वर्ग हसला. मॅडमही हसल्या. उठल्यावर म्हणाल्या, “काकू, हात तुमचे चांगलेच आहेत. पण हात कधी लावायचा नाही, ते अजून यायचंय.”

“लावायचा नाही म्हणजे?”

“पुढच्या आठवड्यात.”

घरी जाताना थोरली मनातल्या मनात हसत होती. हात लावायचा नाही हे शिकवायला सरकारला माणूस नेमावा लागतो!

त्या रविवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर भाची पुस्तक घेऊन बसली. थोरलीला वाचायला यायचं, पण बारीक अक्षर लावताना तिची दमछाक व्हायची, म्हणून भाची मोठ्याने वाची आणि ही ऐके. धाकटी शेजारी बसून गणवेशाला बटणं लावत होती.

“धडा सातवा,” भाचीने सुरुवात केली. “मसाज कधी करू नये. एक, ताप असताना. दोन, उघडी जखम किंवा भाजलेली त्वचा. तीन, एकाच पायाची पोटरी सुजलेली, गरम व दुखरी असल्यास. विशेषतः हाड मोडल्यानंतर, शस्त्रक्रियेनंतर किंवा बरेच दिवस अंथरुणावर पडून राहिल्यानंतर. अशा वेळी शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते व रुग्ण काही मिनिटांत दगावू शकतो. चार—”

“तीन परत वाच,” थोरली म्हणाली.

भाचीने परत वाचलं. अगदी पाठ करायच्या सुरात, एकेका शब्दावर बोट ठेवून. धाकटीने दाताने दोरा तोडला आणि पुढचं बटण घेतलं.

“झालं पाठ?” भाचीने विचारलं.

“झालं,” थोरली म्हणाली आणि उठून मोरीत गेली. नळ सोडून तिथेच उभी राहिली.

धाकटीचा नवरा मालाची गाडी चालवायचा. चौदा वर्षांपूर्वी खोकी उतरवताना तो फळीवरून पडला आणि गुडघ्याखाली पाय मोडला. दीड महिना प्लॅस्टरमध्ये. प्लॅस्टर काढलं आणि चौथ्या दिवसापासून पोटरी सुजायला लागली. माणूस दिलदार, थट्टेखोर. थोरली भेटायला गेली तेव्हा पाय पुढे करून म्हणाला, “ताई, साऱ्या गावाचे पाय दाबता, आमच्या पायानं काय घोडं मारलंय?”

तिने तीन दिवस चोळला. सूज उतरवायची तर रगडायचं, खालून वर, चांगलं दाबून, हे तिला तिच्या म्हाताऱ्या गुरूने शिकवलेलं. त्या बाईने तिला सगळं हातात हात धरून शिकवलं होतं, पण का, हे कधी सांगितलं नव्हतं आणि थोरलीनेही कधी विचारलं नव्हतं. पोटरी गरम लागत होती. थोरलीला वाटलं तेल गरम आहे. तो दात आवळून पडून राहायचा आणि ती म्हणायची, “दुखलं तरच उतरेल, भावोजी, सोसा थोडं.” तिसऱ्या दिवशी सकाळी तो उठून उभा राहिला. “हलकं वाटतंय,” म्हणाला. पायाचं तेल धुवायला म्हणून गेला आणि मोरीच्या दारातच छातीवर हात धरून खाली बसला. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. आत डॉक्टरांशी बोलायला धाकटी एकटीच गेली. बाहेर येऊन तिने सांगितलं, “हृदय बंद पडलं म्हणाले.” थोरली तेव्हा भाचीला मांडीवर घेऊन बाकावर बसली होती.

नळ बंद करायला धाकटीच आली. नळ बंद करून गेली.

दुसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर थोरली मागे थांबली. मॅडम सांगाड्यावर चादर घालत होत्या.

“मॅडम, एक विचारायचं होतं. माझ्या ओळखीच्या एका बाईचं.” आणि तिने सगळं सांगितलं. फक्त माणसं बदलली.

मॅडमनी एकेक प्रश्न विचारला. एकच पाय होता का? प्लॅस्टर किती दिवस होतं? कातडी ताणल्यासारखी चकचकीत दिसत होती का? दाबल्यावर खळगा पडत होता का? थोरली उत्तरं देत गेली. कुणाच्या ओळखीच्या बाईला एवढं आठवत नाही, हे मॅडमच्या लक्षात आलं असणार. त्यांचा आवाज हळू झाला.

“तसंच वाटतंय, काकू. पण खात्रीने कोण सांगणार? ती गुठळी त्यांनी चोळलं नसतं तरी सुटली असती कदाचित.”

“कदाचित.”

“हो. आणि कदाचित नसती सुटली.”

“त्या बाईला हे कुणी शिकवलं नव्हतं.”

“नसणारच. म्हणून तर हा वर्ग काढलाय ना,” मॅडम म्हणाल्या. समजूत घालायलाच म्हणाल्या, पण थोरलीला ते तोंडात मारल्यासारखं लागलं. मग त्यांनी विचारलं, “सूज बघितल्यावर आधी डॉक्टरला दाखवा, असं म्हणाल्या होत्या का त्या?”

थोरलीला आठवत होतं. धाकटी म्हणाली होती, की डॉक्टरकडे जाऊन येऊ का. आणि थोरली म्हणाली होती, “मी असताना डॉक्टर कशाला?”

“नव्हत्या म्हणाल्या,” तिने सांगितलं आणि पिशवी उचलली.

त्यानंतर तिने अभ्यास असा केला की भाची चकित झाली. सातवा धडा तर झोपेतून उठवून विचारला असता तरी तिने घडाघडा म्हटला असता. परीक्षेत पांढऱ्या केसांच्या परीक्षकांनी विचारलं, “पोटरीला हात लावण्याआधी काय बघाल?” थोरलीने दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवायला सांगण्यापासून सुरुवात केली आणि शेवटपर्यंत कुठे अडखळली नाही. परीक्षक म्हणाले, “इतकं नेमकं उत्तर आज कुणीच दिलं नाही. अनुभव बोलतोय तुमचा.” पंच्याऐंशी टक्के मिळाले. वर्गात पहिली आली. मॅडमनी फुलं दिली. ती तिने येताना वाटेतल्या एका कठड्यावर ठेवून दिली. घरी नेववेनात.

नोंदणीचा अर्ज भरायला भाचीच बसली. नाव, पत्ता, अनुभवाची वर्षं. पेन भराभर चालत होतं.

“प्रतिज्ञापत्र,” तिने वाचलं. “माझ्या हातून आजवर कोणत्याही व्यक्तीस गंभीर इजा झालेली अथवा कोणाचा मृत्यू झालेला आहे किंवा नाही. मृत्यू! मसाजने कोण मरतं गं, मावशी?” हसत हसत तिने ‘नाही’समोर खूण केली. “इथे सही कर.”

“ठेव तिथे. चष्मा सापडला की करते.”

चष्मा तिच्या डोक्यावर होता. भाचीने तो काढून नाकावर बसवला, गालगुच्चा घेतला आणि उशीर झाला म्हणून कॉलेजला पळाली.

अर्ज टेबलावर पडून राहिला. बऱ्याच वेळाने मशीनचा आवाज थांबला.

“ताई, सही का नाही केलीस?”

“त्यात खरं लिहायचंय.”

धाकटीने सुईखालचं कापड सोडवलं, त्याची घडी घातली. मग म्हणाली, “तुला कधी कळलं?”

थोरलीला वाटलं होतं ती विचारील, खरं म्हणजे काय? तिने काय सांगायचं, कुठून सुरुवात करायची, हे किती दिवस जुळवून ठेवलं होतं. त्यातलं काहीच लागलं नाही.

“तुला माहीत होतं?”

“डॉक्टरांनी विचारलं होतं, पाय चोळला होता का. मी नाही म्हटलं.”

“का?”

“हो म्हटल्याने ते उठून बसणार होते का?” धाकटीचा आवाज शांत होता. “पोर पाच वर्षांची. मला तेव्हा धड बटण लावता येत नव्हतं. कमावती तू एकटी. तुझ्याशी उभा दावा मांडून मी जाणार होते कुठे?”

“म्हणजे गरज होती म्हणून गप्प बसलीस.”

“हो,” धाकटीने आढेवेढे घेतले नाहीत. “गरज होती. मग सवय झाली. पण तू जेवताना सांगायचीस ना, आज अमक्याची मान सोडवली, तमक्याचा पाय मोकळा केला, माझ्या हाताला यश आहे म्हणून. तेव्हा तोंडातला घास फिरायचा माझ्या. चौदा वर्षं रोज फिरलाय.”

थोरलीच्या आता लक्षात आलं, की दिवसभर मशीनवर वाकून धाकटीची कंबर धरायची, पण तिने कधी एकदाही तिच्याकडून चोळून घेतली नव्हती. “नको, मला गुदगुल्या होतात,” म्हणायची. दोघी लहान असताना एका अंथरुणात झोपायच्या. धाकटीला कधीच गुदगुल्या होत नसत.

“मला तेव्हाच सांगितलं असतंस, तर मी हे काम सोडलं असतं,” थोरली म्हणाली.

“आणि खाल्लं काय असतं?”

पाणी प्यायला म्हणून थोरली उठली, भांडं हातात घेतलं आणि तसंच ठेवलं.

“तुला माझा राग येतो?”

“येतो,” धाकटी म्हणाली. “मला माझाही येतो. डॉक्टरकडे जाऊ म्हणाले होते मी, पण धरून नेलं नाही. तुझ्यावर विश्वास ठेवला. आता सही कर. ‘नाही’वरच कर. पोरीच्या कानावर हे गेलेलं मला चालणार नाही. तिला आहोत कोण, तू आणि मी. त्यातली एक मी तिच्याकडून काढून घेणार नाही.”

थोरलीने सही केली. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं.

तीन आठवड्यांनी प्रमाणपत्र आलं. मालकाने फलक बदलून घेतला. तिचा फोटो वरच्या ओळीत गेला, खाली ‘मसाज थेरपिस्ट’. पोस्टमन खूश झाला. “आता बघा,” म्हणत टेबलावर आडवा झाला.

पण थोरलीचे हात पूर्वीसारखे चालेनात. आधी तिने त्याला पंधरा प्रश्न विचारले. मग दोन्ही पोटऱ्या चाचपल्या, खांद्याचा आणि पोटऱ्यांचा काही संबंध नसताना. हात खांद्यावर ठेवला आणि कमरेतून जोर आणायची वेळ आली, तसा हात आखडला. खालचं मांस गरम लागलं. सगळ्यांचंच मांस गरम असतं, हे तिला माहीत होतं. तिने तेलाची वाटी बाजूला सारली, हात पुसले, परत ठेवला. तरी गरमच.

“बाई, आज जोर नाही,” पोस्टमन म्हणाला. पुढच्या आठवड्यात त्याने संकोचत तिने शिकवलेल्या पोरीचं नाव घेतलं. मग आणखी दोघांनी तेच केलं. मालकाने महिनाभर वाट पाहिली. मग तिला बोलावून म्हणाला, “बाई, तुम्ही प्रश्न फार छान विचारता. तपासणीवाल्यांनाही तेच हवं असतं. तुम्ही बाहेरच्या टेबलावर बसा. आलेल्याला विचारायचं, अर्ज भरायचा, कुणाला घ्यायचं, कुणाला परत पाठवायचं, तुम्ही ठरवा. पद वरचं देतो.”

फलकावर तिच्या नावाखाली ‘वरिष्ठ’ हा शब्द वाढला. आता ती दिवसभर जिन्यासमोरच्या टेबलावर बसते. येणाऱ्याच्या चालण्यावरूनच कुठे दुखतं ते तिला कळतं, तरी ती सगळं विचारून लिहून घेते. हात कुणालाच लावत नाही. मॅडमनी एकदा फोन केला, नव्या तुकडीला सातवा धडा तुम्हीच सांगा म्हणून. तिने वेळ नाही म्हणून सांगितलं.

घरी बोलणं होतं, भाजी काय आणायची इथपर्यंतच. धाकटी एकदा बोलून मोकळी झाली ती झालीच. तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला, दुपारी तिला पाठ टेकली की झोप लागायला लागली. थोरली शेजारच्या खोलीतून तिचा संथ श्वास ऐकत बसते. जेवताना आता कुणाच्या माना-पाठींची गोष्ट निघत नाही.

परवा भाची परीक्षेच्या अभ्यासाने मान आखडून आली आणि नेहमीसारखी थोरलीच्या पुढ्यात पाठ करून बसली.

“मावशी, चोळ ना जरा.”

थोरलीने हात उचलले आणि मांडीवर परत ठेवले. “ताप आहे का गं? हाताला मुंग्या येतात? पडलीबिडली होतीस कुठे?”

“मावशी, मी काय गिऱ्हाईक आहे?” भाची हसायला लागली. “आई, बघ गं हिचं काय चाललंय!”

मशीनवरून धाकटीने मान वर केली नाही.

“विचारू दे तिला,” ती म्हणाली. “सगळं विचारू दे.”

भाचीने उसासा टाकला आणि एकेका प्रश्नाला कंटाळून उत्तर देत राहिली. प्रश्न संपले तरी थोरलीचे हात मांडीवरच होते. शेवटी भाची उठली आणि गरम पाण्याची पिशवी शोधायला स्वयंपाकघरात गेली.